आठ भागांची लढाई आणि आमची तोफ

ये गं, अशी जवळ सरक. तू बेंगळुरात आहेस हे ठाऊक आहे मला, तरी सरक. हातातला मोबाइल उपडा ठेव, त्याला काही पाय फुटत नाहीत. लाड नंतर, आधी चार शब्द ऐकून घे. दिवाळीला आलीस, आमच्या टीव्हीत तुझा तो पासवर्ड घातलास, "आजी, लढाईची मालिका आहे, आठच भाग आहेत, आजोबांना लई आवडेल" म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बसून गेलीससुद्धा. काडी लावून गेलीस म्हण की. असं कुणी करतं का? निदान शेवटच्या भागापर्यंत तरी थांबायचं होतंस.

लगेच काही बघितली नाही आम्ही. आधी फराळाचे डबे संपायचे होते, मग लग्नसराई, मग संक्रांत. संक्रांत झाली आणि तुझ्या आईनं एका संध्याकाळी ते चालू केलं. आवाज असा, की तीन घरं सोडून लोकांना वाटलं आमच्याकडं भांडण लागलंय. त्यामुळं पहिली आली ती शेजारची आक्का. ती जैनाची, दिवस मावळायच्या आत जेवून घेते, त्यामुळं सात वाजता सगळ्या गल्लीत तीच काय ती मोकळी. तिच्या मागोमाग समोरची आली, सूप मांडीवर घेऊन. ती विड्या वळते, तुला माहीत आहे, तिचे हात झोपेतसुद्धा चालतात. आणि मग आले मास्तर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण समोर चार माणसं बसलेली दिसली की ते उभे राहतात.

आपण सीमेवरची माणसं, दोन्ही भाषा अंगवळणी पडलेल्या, त्यामुळं पहिला अर्धा तास कुणाच्या लक्षातच आलं नाही की मालिका कानडीत चाललीय. तुझ्या पासवर्डातच तसं असेल. हिरो हिमालयात कानडी बोलतोय, सुभेदार कानडीत ओरडतोय, आक्का मान डोलावतेय, समोरची डोळे पुसतेय. शेवटी मास्तरच म्हणाले, "अहो, हे कानडीत चाललंय." आक्का म्हणाली, "मग? कळंना व्हय तुम्हाला?" "कळतंय की." "मग बसा गप." तरी दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं मराठी लावली, तर समोरची म्हणाली, कालचा हिरो बरा होता, ह्याचा आवाज पडशाचा आहे.

आता तू म्हणशील, मालिका कशी वाटली ते सांग. सांगते. गोळीबार चांगला होता. बर्फ चांगला होता. पण एक दिवस, दोन दिवस, चार दिवस झाले, त्या पोरांनी काही खाल्लं नाही गं. समोरची म्हणाली, "ह्यो हिरो वर चढायला लागल्यापासनं माझं चार कट्टं विड्या वळून झालं, ह्याची दाढी हाय तेवढीच हाय!" हिरोची बायको पहाटे उठायची ती गजरा माळूनच. तार आली, तार घ्यायला गेली, ती जरीच्या साडीत. आक्का म्हणाली, "अय्यो, हिला आधीच म्हाईत हुतं वाटतं तार येणार म्हणून." आणि हिरोची आई. हिरो आपल्याच बाजूचा दाखवलाय, म्हणजे शेतात ऊस आणि दारात म्हैस, तिथपर्यंत ठीक. पण ती बाई भाकरी करायला बसली आणि तिनं लाटणं उचललं. लाटणं! त्याच भागात आधी एक चौकी उडाली होती, पंधरा-वीस माणसं गेली होती, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. त्या लाटण्याला मात्र सगळी खोली उठली. समोरचीनं सूप खाली ठेवलं. "असली भाकरी खाऊन लढायला गेल्यावर काय हुईल त्येचं?" म्हणाली.

तुझे आजोबा दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. एक शब्द नाही. फक्त मधूनच, कुणाला न सांगता, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणायचे, "ती पेटी अशी बांधली तर दहाव्या पावलाला घसरंल." किंवा, "एवढ्या चढाला पाठीवरचं वजन माघारी ठेवत्यात व्हय?" मास्तर त्यांच्याकडं आदरानं बघायचे. मास्तरांना वाटायचं तोफखान्यातला माणूस बोलतोय.

आणि इथंच खरी गोष्ट सुरू होते. नीट बस.

तुझे आजोबा तोफेवर कधीच नव्हते. सगळ्या गल्लीला, तुझ्या बापाला आणि अख्ख्या पाहुण्यारावळ्यांना मी पन्नास वर्षं सांगत आले, की हे तोफेवर होते. ते खेचरांवर होते. म्हणजे खेचरावर बसून नव्हे, खेचराचा दोर धरून पुढं चालत. बेळगावला भरतीला गेले, तिथल्या सायबानं विचारलं, "जनावराला भितोस का?" ह्यांनी सांगितलं, "न्हाय." झालं, तेवढ्यावर आयुष्य ठरलं. वर चौकीवर जे काही लागतं, पीठ, रॉकेल, गोळ्यांच्या पेट्या, पोरांची पत्रं, ते सगळं खेचरांच्या पाठीवर लादून न्यायचं. येताना जखमी माणूस असेल तर तो आणायचा.

मी नवी नवरी. पाण्याच्या आडावर बायका विचारायच्या, तुझा मालक मिलिटरीत काय करतो? एकीचा ट्रक चालवायचा, एकीचा ऑफिसात टाइप करायचा, एकीचा तर म्हणे सायबाच्या जीपमध्ये बसायचा. मला तर लिहिता-वाचता येत नव्हतं. ह्यांचं पहिलं पत्र आलं ते मी आक्काकडं घेऊन गेले, ती तेव्हाच सातवी शिकलेली. आक्कानं वाचलं: मी खुशाल आहे, माझ्याकडं दोन खेचरं दिली आहेत, त्यातली एक मादी लई गुणाची आहे, तिच्या खुरावर नंबर आहे, मी तिला बाईसाहेब म्हणतो. चार ओळी बाईसाहेबांच्या. मला एक ओळ, तीही 'तब्येतीस जप'. मला 'ए' म्हणणारा माणूस खेचराला बाईसाहेब म्हणतोय! दुसऱ्या दिवशी आडावर परत विचारलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "तोफेवर हायत." बायकांची तोंडं अशी झाली म्हणतेस! भरलेली घागर कुणीतरी आपणहून उचलून माझ्या डोक्यावर दिली.

आक्का गप्प राहिली. तेव्हापासून आजपर्यंत गप्प. पण पुढचं पत्र तिच्याकडं न्यायचं धाडस मला झालं नाही, दुसऱ्या कुणाकडं तर नाहीच. म्हणून मी वाचायला शिकले. दिराच्या पोराच्या अंकलिपीवरून, चुलीपुढं बसून, राखेत अक्षरं काढून. लोक म्हणायचे, बघा, नवऱ्याच्या मायेनं शिकली. माया होती गं, नाही असं नाही. पण खरं कारण ती खेचरं. आज हे तुला लिहितेय तेसुद्धा त्या खोट्यापायीच लिहिता येतंय.

ह्यांना ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. रजेवर यायचे, मोजून बोलायचे, परत जायचे. पेन्शनीत आल्यावर शेत आणि जनावरं. लोक 'आप्पा, तुमच्या येळंला लई दणका असंल' म्हणायचे, हे 'असायचा' म्हणायचे. दोघांच्या मनात दणका वेगवेगळा.

आणि मग आला तुझ्या मालिकेचा तिसरा भाग. पडद्यावर ही मोठी तोफ. नळी वर झाली, धडाड! समोरचीच्या सुपातली तंबाखू उडाली. सगळी खोली वळली ती दाराजवळच्या खुर्चीकडं.

"आप्पा, हीच न्हवं तुमची तोफ?" समोरचीनं विचारलं.

"कसली तोफ?" हे म्हणाले.

"दूध गेलं!" मी ओरडले आणि आत पळाले. जाताना पाय लावून पाण्याचा तांब्या सांडला, म्हणजे सगळ्यांना पाय वर घ्यावे लागले. तेवढ्यात तोफ संपली, गाणं लागलं. वाचले.

चौथ्या भागात मास्तर म्हणाले, "आप्पा, गोळा घालताना कानात कापूस घालत होता का तुम्ही लोकं?" मी मिक्सर लावला. पाचव्या भागात परत दूध गेलं. आक्का पदराआड हसायची. म्हणाली, "ह्या घरात दूध लई उतू जातंय गं अलीकडं. डेअरी बदलली का काय?" वर स्वतःच काडी सारायची, "मास्तर, विचारा की, काय इचारायचं ते इचारा त्यास्नी!" पन्नास वर्षं गप्प बसल्याचं व्याज घेत होती ती माझ्याकडून, आणि चवीनं घेत होती.

सहाव्या भागाच्या दिवशी मास्तर आले ते उभ्याउभ्याच बोलले. प्रजासत्ताक दिनाला शाळेत झेंडावंदन झालं की आप्पांचं भाषण ठेवलंय, शाळेच्या मोठ्या बाईंना विचारून आलोय, शाल-श्रीफळ ठरलंय. हे एवढंच म्हणाले, "मी काय बोलणार पोरांपुढं?" पण चेहरा बघायचा होतास. इतक्या वर्षांत ह्यांना कुणी कुठं बोलावलं नव्हतं गं. लग्नात अक्षता टाकायला आणि मयतीला खांदा द्यायला, तेवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बघितलं, ट्रंकेतली जुनी टोपी काढून हे ब्रशनं झाडत होते. मला वाटलं, आता कुठं जाऊन जीव देऊ. पण जीव द्यायला वेळ नव्हता, दूध आणायचं होतं. हे पिशवी घेऊन गेले.

आणि दूध न घेता परत आले.

आपल्याकडं माणूस जन्मला की फ्लेक्स, पास झाला की फ्लेक्स, मेला की फ्लेक्स. मास्तरांनी चौकात डेअरीसमोर लावला होता. ह्यांच्या पेन्शन कार्डावरचा फोटो कापून मालिकेतल्या तोफेच्या नळीवर बसवला होता. वर मोठ्या अक्षरांत: तोफखान्याचा ढाण्या वाघ.

हे येऊन बसले. "चौकात मी तोफेवर बसलोय," म्हणाले.

मी म्हणाले, "असं का? बघितलं पायजे."

"कुणी बसवलं मला?"

मी पदराला हात पुसत राहिले. हात कोरडेच होते. मग सगळं सांगितलं, आड, घागर, टायपिस्टाची बायको, सगळं. ह्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "खेचरवाला म्हणायची लाज वाटली व्हय तुला?"

पन्नास वर्षांत मी ह्या प्रश्नाची किती उत्तरं तयार करून ठेवली होती. तशी नाही, चुकून बोलले, बायकांनी ऐकताना चूक केली. ती सगळी बाजूला सारली. "व्हय," मी म्हणाले.

"बरं," असं म्हणून ह्यांनी पिशवी उचलली आणि परत दुधाला गेले. ओरडले असते तर मी तेवढंच ओरडले असते आणि दुपारपर्यंत मिटलं असतं. हे दूध घेऊन आले, ठेवलं आणि कट्ट्यावर जाऊन बसले. टोपी परत ट्रंकेत गेली होती. संध्याकाळी सातवा भाग लागला, दाराजवळची खुर्ची रिकामी.

मी कट्ट्यावर गेले. "तुम्हीच सांगून टाका की मास्तरांना," म्हणाले.

"मी न्हाई म्हटलं तर तू खोटी. मी गप बसून शाल घेतली तर मी खोटा. मला ह्यातलं कायबी नको. शाळंत मी जाणार न्हाई. बरं न्हाई म्हणून सांग." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी ऐकलं. आणि वर, "खोटं सांगायची सवय हाय की तुला." हे मात्र लागलं बघ.

दुसऱ्या दिवशी आठवा भाग. शेवटचा. सगळी गल्ली आमच्या खोलीत, उंबऱ्यात चपलांचा ढीग. हिरो शेवटच्या चढावर होता, पोटात गोळी, हातात झेंडा, मागं गाणं. समोरचीचे हात पहिल्यांदाच थांबले होते. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

असा काही गलका झाला म्हणतेस! "अवो काकी, आधी त्येला मरू द्या की!" समोरची ओरडली. मास्तर म्हणाले, "वहिनी, दोनच मिनिटं राहिलीत."

"थांबा," मी म्हणाले. "आप्पा तोफेवर नव्हते. खेचरांवर होते. तोफ मी सांगितली. त्यांनी कधीच सांगितली नाही. खोटी मी आहे."

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मीच गोळी मारली त्या हिरोला.

मग आक्का म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

समोरची म्हणाली, "पन्नास वर्सं! काकी, त्या गजरेवालीपरीस तुमचंच काम भारी की वो."

मास्तर बिचारे दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. "पण फ्लेक्सवर तोफ आहे," म्हणाले. "आता काय करायचं?"

"खेचर लावा," आक्का म्हणाली.

आणि कुणीतरी हसलं. मी दाराकडं बघितलं तर हे उंबऱ्यात, चपलांच्या ढिगात उभे. कधी येऊन उभे राहिले कुणाला ठाऊक. पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्या पोरांनी आठ दिस काय खाल्लं?"

सगळ्या माना बंद टीव्हीकडं वळल्या.

"वर पीठ कोण घेऊन गेलं? रॉकेल कुणी नेलं? त्या पोराच्या बायकूचं पत्र त्याच्या हातात आलं, ते काय उडत आलं?" मग आत येऊन खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. एवढं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. ती बाईसाहेब अवघड वळण आलं की थांबायची, हे पुढं होऊन खिशातला गूळ दाखवायचे, मगच ती पाय टाकायची. एका सायबाला वाटलं जनावर मुद्दाम अडलंय, त्यानं छडी मारली, तर ती त्याच्या खांद्याला चावली. सायबाला दवाखान्यात न्यायची पाळी आली आणि न्यायला वाहन कुठलं, तर तीच. सगळे लोळून हसले. वर पोचल्यावर पोरं आधी विचारायची, पत्र आलंय का, मग पीठ. एकदा पाय गेलेला पोरगा खाली आणला, तो सगळ्या वाटेनं खेचराच्या मानेला मिठी मारून तिच्या कानात काहीतरी सांगत होता. "काय सांगत हुता?" समोरचीनं विचारलं. "मी पुढं हुतो," हे म्हणाले. "त्यो तिला सांगत हुता, मला न्हाई."

मग म्हणाले, "गोळी मी एक बी मारली न्हाई. पण वर चढवायला घेतलेलं एक बी पोतं माघारी आणलं न्हाई."

हिरो मेला का नाही ते आमच्यातल्या कुणीच बघितलं नाही. अजून तो तिथंच त्या चढावर आहे, पोटात गोळी घेऊन. तुझ्या आईनं परत लावते म्हटलं, तर समोरची म्हणाली, ऱ्हाऊ द्या, आपलं आप्पा बरं हायत.

मास्तरांनी एका दिवसात फ्लेक्स बदलला. फ्लेक्सवाल्या पोरानं नेटवरनं फोटो काढला आणि ह्यांना त्याच्या शेजारी उभं केलं. हे दूध घेऊन आले ते लालबुंद होऊन. "ते गाढव हाय," म्हणाले. "गाढव! कान बघ त्याचं!" तोफेपेक्षा त्यांना त्या गाढवाचा राग जास्त आला. तरी शाळेत गेले. टोपी घालून गेले. पोरांनी लढाईचं एक अक्षर विचारलं नाही. खेचर लाथ मारतं का, खेचराला पोरं होतात का, खेचराला थंडी वाजते का. बाई सारख्या घड्याळाकडं बघत होत्या, पण ह्यांना थांबवायची कुणाची छाती नव्हती.

आता माझ्याशी बोलतात. जेवायला वाढ म्हणतात, पाणी दे म्हणतात. पण पूर्ण मिटलंय असं मला वाटत नव्हतं, आणि परवा चहा पिता पिता ते बाहेर आलं. "पोरीला सांगितलंस?" म्हणाले.

तुलाच गं. तिसरीत असताना फॅन्सी ड्रेसला तुला पुठ्ठ्याच्या नळकांड्याची तोफ मीच करून दिली होती. 'माझे आजोबा' असं म्हणत तू ती घेऊन स्टेजवर गेलीस आणि बक्षीस आणलंस. ह्यांनी घरी ते नळकांडं बघून विचारलं होतं, हे काय? मी सांगितलं होतं, रॉकेट. त्यांच्या ते लक्षात आहे. "लिहिते," मी म्हणाले. "फोनवर सांगितलं तर हसण्यावारी नेईल. लिहिते." ते म्हणाले, "लिव्ह. सगळं लिव्ह. मग बघू."

तर लिहिलं. सगळं लिहिलं, लाज वाटली होती तेसुद्धा. आता तू ये. कामाचं कारण सांगू नकोस, कामं काही पळून जात नाहीत. शनिवारी निघ, बेळगाव सोडलंस की फोन कर, संकेश्वरला उतर, तुझा बाप कारखान्यातनं सुटताना तुला घेऊन येईल. आलीस की तुला ते विचारणार, आजीनं काय लिहिलंय. खेचर लिहिलंय म्हणून सांग. मी सांगितलेलं त्यांना आता काही दिवस खरं वाटणार नाही. ये बाई, लवकर ये.